ब्रेकवरचा पाय

क्लचबाईचा भाऊजींवर राग होता, आणि तो लपवायच्या भानगडीत ती कधी पडली नव्हती. दोघं एकाच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. स्कूल भाऊजींचं, दोन्ही गाड्या भाऊजींच्या, आणि सकाळी सहापासून दिवेलागणीपर्यंत शेजारच्या सीटवर बसून "क्लच! अहो, क्लच दाबा!" असं ओरडणारी ही त्यांची मेहुणी. नाव पाडलं तेही भाऊजींनीच. बरं, रविवारी तरी सुटका व्हावी, तर रविवारीही तेच तोंड समोर. कारण बँड दोघांचा होता, आणि दीड वर्षापासून त्यांचा अल्बम चालला होता.

चालला होता म्हणजे रविवारी दहा ते एक. बाकी आठवड्यात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. जागा होती ताईच्या दवाखान्यातली. ताई म्हणजे क्लचबाईची थोरली बहीण आणि भाऊजींची बायको. ती लोकांचे कान तपासायची, आणि त्यासाठी दवाखान्यात एक बंद खोली होती. खोली कसली, कपाटच ते. जाड दार, भिंतींना स्पंज, लाकडी फळ्यांची जमीन, एक स्टूल आणि हातभर काचेची खिडकी. बाहेरून ट्रक गेला तरी आत बसलेल्याला पत्ता लागत नसे. रेकॉर्डिंगला याहून चांगली जागा फुकटात मिळाली नसती, फक्त आत एका वेळी एकच माणूस मावायचा.

त्यामुळे दहा गाण्यांच्या या अल्बमात कुणीही कुणाबरोबर वाजवलं नव्हतं. आधी क्लचबाई गिटार घेऊन आत जायची आणि गाणं कच्चं गाऊन ठेवायची, बाकीच्यांना अंदाज यावा म्हणून. त्यावर मीटर घरी बसून ड्रम वाजवून आणायचा. मीटर म्हणजे दारोदार फिरून विजेचे मीटर वाचणारा त्यांचा ड्रमवाला. लॅपटॉपही तोच सांभाळायचा आणि भांडणं सुरू झाली की त्यातच डोकं खुपसून बसायचा. सगळ्यात शेवटी भाऊजी आत जाऊन पक्कं गाणं गायचे, आणि त्या क्षणी क्लचबाईचा आवाज बंद करून टाकला जायचा.

खरं दुखणं हेच होतं. दहाच्या दहा गाणी तिची. शब्द तिचे, चाल तिची. शिकाऊ माणूस चढावर गाडी बंद पाडून घामाघूम होत असताना, एक डोळा आरशाकडे ठेवून तिने ती मनात जुळवली होती. पण गाणार भाऊजी. बँड काढला तेव्हा तिने एकदाच, जरा चाचरत, एखादं मी गाऊ का म्हणून विचारलं होतं. भाऊजी गाडीची काच पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "तुझा आवाज कच्च्यासाठी बरा आहे." झालं. ते वाक्य तिच्या घशात काट्यासारखं अडकलं ते अडकलंच. एक गाणं, निदान एक गाणं, आपल्या आवाजात जगाने ऐकावं, याहून दुसरं तिला काही नको होतं.

आणि तिसऱ्या गाण्याला तिच्या हाती हुकमाचं पान लागलं.

त्या रविवारी मीटर चहा आणायला गेला होता. तिने सहज ड्रम बंद करून भाऊजींचा नुसता आवाज ऐकला. वरचा स्वर यायच्या जरा आधी आवाज आला: ठक. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. ठक. कुठून येतं हे तिला एका झटक्यात कळलं. बावीस वर्षं शिकाऊंच्या शेजारी बसून भाऊजींचा उजवा पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर राहिला होता. समोर भिंत आली, म्हैस आली, की डोक्याला कळायच्या आत पाय खाली. आता वरचा स्वर दिसला की त्यांना तीच भीती वाटत होती. पाय फळीवर, फळीतून माईकच्या दांड्यात, दांड्यातून गाण्यात. ती एकटीच पोट धरून हसली. मीटर आला तेव्हा सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

त्यानंतर वर्षभर ती मूग गिळून बसली. प्रत्येक नव्या गाण्यात भाऊजींचा ठक शोधायचा, मनात नोंदवायचा आणि गप्प राहायचं. नऊ गाण्यांत अकरा ठक. एकदा कळले की ड्रमखालूनही ते ऐकू येत. तिला ते पाढ्यासारखे पाठ होते. दवाखाना दुसरीकडे हलणार हे ठरलेलं होतं. शेवटच्या रविवारी, जेव्हा पुन्हा गायला वेळच उरणार नाही, तेव्हा पान टाकायचं. मग तिच्या कच्च्या आवाजांशिवाय इलाजच राहणार नव्हता. ते कच्चे आवाज पुन्हा ऐकून बघावेत असं तिच्या मनातही आलं नाही. त्यात काय ऐकायचं होतं?

तो रविवार आला. एक वाजता सुतार येऊन खोली सुटी करून नेणार होते. ताई कोपऱ्यात बसून यंत्रांच्या वायरी खोक्यात भरत होती. एकच गाणं राहिलं होतं. भाऊजी अर्धा तास उशिरा, साडेदहाला उगवले, आणि आल्या आल्या तोफ डागली.

"काल तुझ्या शिकाऊने माझी गाडी खांबावर घातली."

"घातली नाही, घालत होता. ब्रेक कोणी मारला? मीच ना?"

"खांबाला चाटून गेली, त्याचं काय?"

"तुम्ही शिकवलेल्यांनी तर खांब पाडलेत."

"पुरे!" ताई म्हणाली. "दोन तास आहेत. गाताय की भांडताय?"

क्लचबाईने वर्षभर वाट पाहिलेली घडी आली. "मीटर," ती म्हणाली, "ड्रम बंद कर आणि भाऊजींचं तिसरं गाणं लाव."

ठक.

"आता पाचवं. आता सातवं, दुसऱ्या कडव्यानंतर."

ठक. ठक. भाऊजी आधी लॅपटॉपकडे बघत होते, मग मीटरकडे, आणि शेवटी आपल्याच बुटाकडे. त्यांचं तोंड उतरलं.

"हे काढता येत नाही का?" त्यांनी मीटरला विचारलं.

"काढायला गेलो तर आवाजातला खालचा दमही जातो, सर. फोनवर बोलल्यासारखं वाटेल."

"मग मी पुन्हा गातो. नऊच्या नऊ."

"गा की," क्लचबाई म्हणाली. "दोन तासांत नऊ गाणी. आणि पाय? पाय घरी ठेवून येणार?" मग वर्षभर घोटून ठेवलेलं वाक्य तिने टाकलं. "माझे कच्चे आवाज आहेत. कच्च्यासाठी बरे आहेत, तुम्हीच म्हणाला होतात. तेच वापरू."

ताईने हातातली वायर खाली ठेवली.

"छोटे, तुला हे कधी कळलं?"

"आत्ताच, काल…"

"मला खोटं नको सांगूस. याच खोलीत मी तुझे कान तपासलेत. पलीकडच्या घरात चमचा पडला तरी तुला ऐकू येतो. कधी कळलं?"

क्लचबाईने ओठ चावला. "तिसऱ्या गाण्याला."

"म्हणजे वर्ष झालं," ताई म्हणाली. "वर्षभर तू आमच्याकडे जेवायला येतेस. माझ्यासमोर बसून त्यांना सांगतेस, भाऊजी, आज छान लागला आवाज."

हे मात्र क्लचबाईने हिशेबात धरलं नव्हतं. तिला बहिणीकडे बघवेना, म्हणून ती भाऊजींवरच उसळली. "दीड वर्ष माझा आवाज पुसला जात होता, तेव्हा कुणाला वाईट वाटलं का?"

"पुसायचाच होता तो!" भाऊजी ओरडले. "ठरलंच होतं तसं! मी पाठीमागून वार नाही केला कुणावर!"

भांडण मिटावं म्हणून असेल, नाहीतर कान किटले म्हणून, मीटरने मध्येच तिचं तिसरं कच्चं गाणं लावलं. नुसता आवाज आणि गिटार. साधा, किंचित खरखरीत, खरंच चांगला आवाज. भाऊजीसुद्धा कान देऊन ऐकू लागले. वरचा स्वर आला.

ठक.

मीटरने घाईघाईने पाचवं लावलं. ठक. सातवं. ठक.

क्लचबाईच्या पायाखालची जमीन सरकली. पण रागाला आधाराला काहीतरी लागतंच, आणि तिला ते लगेच सापडलं. "तुम्ही!" ती भाऊजींवर धावून गेली. "मी आत गात असताना तुम्ही बाहेर बसून पाय आपटत होतात! गाडीत माझ्यावर भरवसा नाही, गाण्यातही नाही! माझ्या प्रत्येक गोष्टीत तुमचा ब्रेक!"

"अगं, बाहेरचं आत ऐकू येत असतं तर इतकी वर्षं मी काय तपासलं असतं?" ताई म्हणाली.

"जमिनीतून येतं! फळीतून!"

भाऊजींनी टेबलावरून गाडीची किल्ली उचलली. ते आता ओरडत नव्हते, आणि ते जास्त वाईट होतं. "ठीक आहे. मी गल्लीच्या पार टोकाला गाडीत जाऊन बसतो. राहिलेलं गाणं तू गा. पक्कं. बघू या." दार आपटून ते गेले.

दीड वर्षं जे हवं होतं ते असं, तोंडावर फेकल्यासारखं मिळालं. क्लचबाई आत गेली. ताईने जाड दार लावलं आणि जगाचा आवाज बंद झाला. पहिल्या दोन वेळा रागाने तिचा श्वासच पुरला नाही. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले आणि गायली. गाणं एका बाईचं होतं, जिला सगळे रस्ते ठाऊक असतात आणि जी कुठेच जात नाही. वरचा स्वर समोर आला, ती घाबरली, आणि स्वर लागला. इतका नितळ की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता आख्ख्या अल्बमात एक तरी गाणं कोरं आहे, आणि ते माझं आहे, असं तिला वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा मीटर लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसला होता. ताईने हेडफोन पुढे केला.

स्वर खरंच लागला होता. आणि त्याच्या जरा आधी, स्पष्ट, ठक.

तिने खाली पाहिलं. तिचा उजवा पाय टाच टेकवून, पुढचा भाग जरासा उचलून, तयारीत उभा होता. बारा वर्षं शिकाऊंच्या शेजारी तो तसाच उभा राहत आला होता. तिने तो कधी पाहिलाच नव्हता.

एकला दहा कमी असताना भाऊजी आले. त्यांच्या मागून पेट्या घेऊन दोन सुतार. "काय झालं?" भाऊजींनी विचारलं. "आला का ठक?"

"सर, तो माईकचा दांडाच जरा सैल…" मीटर म्हणायला लागला. बिचारा सांभाळून घ्यायला बघत होता. ताई क्लचबाईकडे बघत होती, दुसरीकडे कुठेच नाही.

"आला," क्लचबाई म्हणाली.

"कुणाचा?"

"माझा. कच्च्या गाण्यांतलेही माझेच आहेत."

भाऊजी हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले असते तर बरं झालं असतं. ते नुसते स्टुलावर बसले आणि बुटाची नाडी बांधत राहिले.

मीटरने हळूच विचारलं, "मग अल्बमात कुणाचा आवाज ठेवू? ठक तर दोघांचेही आहेत."

"ज्याने ठक लपवून ठेवला नाही त्याचा," ताई म्हणाली. "दहावं तेवढं हिचं ठेव, आहे तसं."

तिने धाकटीच्या हातातला हेडफोन काढून घेतला, वायर गुंडाळली, खोक्यात ठेवली आणि सुतारांना म्हणाली, "दारापासून सुरुवात करा."