जागृत स्पीकर

दुकानाच्या दारापासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून गल्लीच्या वळणापर्यंत रांग लागली होती. कुणाच्या काखेत स्पीकरचं खोकं, कुणाच्या खांद्यावर सबवूफर. एकाने तर दोन खोकी दुपट्यात गुंडाळून जुळ्या लेकरांसारखी छातीशी धरली होती. सगळे एकाच माणसाकडे निघालेले. दारावर पाटी होती : 'नादगुरू. झोपलेले स्पीकर जागे करून मिळतील.'

"झोपलेले म्हणजे?" सासूबाईंना घेऊन आलेल्या सुनेने रांगेत उभ्या उभ्या नवऱ्याला विचारलं. ती वजनमापं तपासण्याच्या कचेरीत कामाला होती. दिवसभर दुकानदारांच्या तराजूंचे काटे बघून बघून घरी आली तरी तिची नजर काही ना काही तोलतच असायची.

"कारखान्यातून निघतो तेव्हा प्रत्येक स्पीकर झोपलेला असतो," नवरा म्हणाला. "मोठ्या कंपन्या तो आतून जागा करून विकतात, म्हणून महाग. गुरुजी स्वस्तातलाच जागा करून देतात."

"हे कुणी सांगितलं?"

"गुरुजींनीच."

"मग प्रश्नच मिटला."

नणंदेचे यजमान पुढून वळले. या घरात जावईबापूंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. गुरुजींकडून पहिला संच त्यांनीच नेला होता. "वहिनी, तुम्ही काट्यावर तोलता. नाद काट्यावर येत नाही."

सुनेचं लक्ष सासूबाईंकडे होतं. माई काठी टेकत, नवी साडी नेसून, रांगेत सगळ्यांचे ओठ वाचत उभ्या होत्या. घरात पहिल्यांदा होम थिएटर यायचं ते त्यांच्यासाठीच. गेली दोन वर्षं त्या टीव्हीसमोरून उठून आतल्या खोलीत जाऊन बसत. विचारलं तर म्हणत, "आवाज येतो गं, शब्द येत नाहीत." दुरून पाखरू दिसावं आणि त्याचा रंग कळू नये, तसं त्यांचं ऐकणं झालं होतं. कानाच्या डॉक्टरांनी मशीन सुचवलं होतं आणि महिनाभर मागे लागून सुनेने उद्याची वेळ मिळवली होती. मिळवली म्हणजे डॉक्टरांकडून लगेच मिळाली. महिना लागला तो माईंकडून.

आतली खोली जाड पडद्यांनी मऊ केलेली. समोर पाच लहान खोकी, एक जाडा सबवूफर, आणि मधल्या टेबलावर गोल बटणाचा अँप्लिफायर. त्याच्या कपाळावर जिथे आकडे दिसायचे तिथे काळी पट्टी चिकटवलेली. "आकडे पाहून माणूस कानाने ऐकत नाही," असं गुरुजी म्हणत. अंगात लांब रेशमी कोट, एक हात सदैव कोटाच्या खिशात, दुसऱ्या हातात तांब्याची चकती. ती चकती स्पीकरच्या डोक्यावर चिकटवायची, तीन टिचक्या मारायच्या आणि म्हणायचं :

"चकती लावा तांब्याची, चिंता सोडा लांब्याची,
मिटल्या डोळ्यां दिसेल वाट, झोपल्या खोक्यां होईल पहाट."

लांब्या कोण आणि त्याची कसली चिंता, हे कुणी विचारत नव्हतं. यमक जुळलं होतं, तेवढं लोकांना पुरत होतं.

गुरुजींनी माईंना पुढच्या खुर्चीत बसवलं. आधी झोपलेल्या स्पीकरवर एक प्रसंग लावला : एक बाई स्वयंपाकघरात हळू आवाजात कुणाशी तरी बोलते आहे. माईंनी मान हलवली. काही कळलं नाही. गुरुजींनी प्रसंग थांबवला, चकती लावली, बाकीच्यांना डोळे मिटायला लावले, माईंच्या डोळ्यांवर स्वतःचा तळवा ठेवला, यमक म्हटलं आणि तोच प्रसंग पुन्हा लावला.

"'दार लोटून घे, वारा येतोय,'" माई एकेक शब्द उचलत म्हणाल्या. "असंच म्हणाली ना ती?"

तसंच म्हणाली होती. माईंच्या सुरकुत्यांमधून पाणी वाहायला लागलं. जावईबापूंनी सगळ्या खोलीकडे असं पाहिलं, जसं काही तांब्याची खाण त्यांच्याच परसात होती.

"आता मशीन कशाला?" गुरुजी माईंच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले. "मशीन लावलं की कान आळशी होतात. हे जागृत स्पीकर रोज समोर ठेवा. कान आपोआप उमलतील."

माईंनी सुनेचा हात धरला. "उद्याचं डॉक्टरांचं राहू दे गं. कळवून टाक त्यांना."

स्पीकर काय, आज नाही तर उद्या बदलता येतात. पण माईंनी एकदा 'राहू दे' म्हटलं की ते कायमचं राहून जायचं, हे सुनेला ठाऊक होतं. आणि बोलणार तरी काय? फरक तिनेही ऐकला होता. दुसऱ्या वेळी आवाज खरंच भरदार लागला होता, पुसलेल्या काचेसारखा.

मग सगळ्या खोलीसाठी पुन्हा एकदा जागर ठरला. गुरुजींनी माईंच्या पाठीमागे उभं राहून, गंभीरपणे, अगदी पुटपुटल्यासारखं सांगितलं, "सर्वांनी डोळे मिटा."

सगळ्यांनी मिटले. सुनेनेही मिटले, खोलीभर माणसं डोळे मिटून बसली की एकट्याने उघडे ठेवणं चोरी केल्यासारखं वाटतं. प्रसंग थांबला. टिचक्या वाजल्या. लांब्याची चिंता सोडून झाली. आणि त्या शांततेत माईंचा आवाज आला. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही, त्यामुळे तो जिन्यापर्यंत गेला.

"अगं, ते गोल बटण बघ. आपलं आपण फिरतंय."

सगळ्यांचे डोळे उघडले. माईंना पुटपुटलेली आज्ञा ऐकूच गेली नव्हती. त्या बिचाऱ्या आरामात बसून सगळं बघत होत्या.

गुरुजी क्षणभर थबकले, पण मुरलेला माणूस. "पाहिलंत? माईंना दर्शन झालं. नादशक्ती बटण फिरवते, पण दिसते ती भाग्यवंताला."

खोलीत कुजबुज झाली. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी अँप्लिफायरच्या बटणाला हात जोडलेसुद्धा.

"मग आम्हालाही होऊ दे दर्शन," सून म्हणाली. "आता उघड्या डोळ्यांनी करू."

"उघड्या डोळ्यांसमोर नाद लाजतो, ताई."

"काय म्हणाले?" माईंनी विचारलं. सुनेने ते त्यांच्या समोर जाऊन सांगितलं. माई विचारात पडल्या. "मघाशी माझ्यासमोर नाही लाजला तो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सून उठून टेबलाशी गेली आणि तिने बटणावर दोन बोटं ठेवली. "बरं, सगळ्यांनी डोळे मिटा. मी फक्त बटणाला हात लावून बसते. नादशक्ती माझ्या दोन बोटांना थोडीच अडणार आहे?"

"बसा ना," जावईबापू गुरुजींच्या वतीने म्हणाले. "होऊन जाऊ दे एकदाचं."

टिचक्या वाजल्या. सुनेच्या बोटांखाली बटण वळायला धडपडू लागलं. आतून घुर्र आवाज येत होता, कोंडलेल्या भुंग्यासारखा. तिने वर पाहिलं. गुरुजींच्या खिशातल्या हाताचा अंगठा कोटाच्या रेशमाखाली हलत होता.

"गुरुजी, खिशातला हात बाहेर काढता?"

"हा हात साधनेचा आहे."

"काढा हो गुरुजी," जावईबापू कळवळून पुढे झाले. "एकदा दाखवा, म्हणजे वहिनींचं तोंड कायमचं बंद होईल." आणि भक्तीच्या भरात त्यांनी स्वतःच तो हात धरून बाहेर ओढला. हातात रिमोट होता.

शत्रूने केलं नसतं ते भक्ताने केलं. जावईबापूंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

सुनेने रिमोट घेतला. सगळ्या चकत्या काढून टेबलावर ओळीने ठेवल्या. लोकांच्या उघड्या डोळ्यांदेखत रिमोटचं बटण दाबलं. गोल बटण डौलात फिरलं, आणि स्वयंपाकघरातली बाई स्वच्छ, भरदार आवाजात म्हणाली, दार लोटून घे, वारा येतोय.

"यात कसलीच शक्ती नाही," सून म्हणाली. "आत एक लहानशी मोटर आहे. आवाज जरासा वाढवला की तोच स्पीकर आपल्याला चांगला वाटतो. मलाही वाटला. एका पारड्याखाली अंगठा ठेवून तोलण्यातला हा प्रकार आहे. दोन स्पीकर ताडून बघायचे तर आवाज दोन्हीकडे सारखा हवा."

"रिमोट हे केवळ निमित्त," गुरुजी म्हणाले. पण आता यमक सुचत नव्हतं. बटणाला हात जोडलेले गृहस्थ ते हात कुठे ठेवावेत या विवंचनेत होते. "पण जागे तर झालेच ना थोडेफार?" असंही एकाने विचारून पाहिलं. भोळेपणाला मरण सोपं नसतं.

या सगळ्या गलक्यातलं बरंच काही माईंना ऐकू गेलं नव्हतं, पण कळलं सगळं होतं. "म्हणजे माझे कान उमलले नाहीत," त्या म्हणाल्या.

सून त्यांच्या खुर्चीपुढे उकिडवी बसली, ओठ दिसतील अशी. "कान आहेत तसेच आहेत, माई. आवाज मोठा केला म्हणून शब्द पोचले. पोचले, हे महत्त्वाचं. त्या माणसाने फसवून का होईना, पण दाखवलं की तुमच्यापर्यंत रस्ता आहे. तोच रस्ता डॉक्टर बांधून देतो म्हणतायत. कानापुरता आणि तुमच्या मापाचा."

माई काठी घेऊन उठल्या. "डॉक्टरांना कळवलं नाहीस ना अजून?"

स्पीकर त्यांनी समोरच्या साध्या दुकानातून घेतले. दुकानदाराला यमक येत नव्हतं. सुनेने दोन स्वस्त संच शेजारी लावायला सांगितले, मोबाइलवर आवाज मोजून दोन्हीकडे सारखा करून घेतला आणि घरी आधी पाहिलेल्या सिनेमातलं बोलणं लावलं. गाणं नाही, स्फोट नाहीत, बोलणं. कारण बोलण्यात स्पीकरचं खरं-खोटं लवकर उघडं पडतं. "मधलं खोकं टीव्हीखाली, कानाच्या उंचीला ठेवा, कपाटात कोंबू नका," दुकानदार म्हणाला. "माणसं बोलतात ती त्याच्यातून." नवऱ्याला जाड्या सबवूफरवाला संच हवा होता. माईंना दुसऱ्यात दोन शब्द जास्त कळले. दुसरा घेतला.

आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माईंचे कान तपासले, मशीन बसवलं, जुळवलं, पुन्हा जुळवलं. "सुरुवातीला भांडीसुद्धा अंगावर ओरडल्यासारखी वाटतील," ते म्हणाले. "आठवडाभर वापरा. कुठे चुकतंय ते मला येऊन सांगा, आपण बदलू."

बाहेर आल्यावर माई पायरीवर थांबल्या. रस्त्यावरच्या सायकलच्या घंटीने दचकल्या, मग हसल्या.

"काय झालं?" सुनेने हळू आवाजात विचारलं, आणि माईंनी तिच्या ओठांकडे न बघता उत्तर दिलं.

"तो तांब्यावाला कधी चुकतच नव्हता गं. हा डॉक्टर म्हणतो, चुकलं तर सांग." त्यांनी कानामागचं मशीन नीट बसवलं. "विश्वास ठेवायचा तर अशा माणसावर ठेवावा."