तारणाचा जिना

“नवा जन्म काढ तिथून आणि खाली लाव,” हेडमास्तर म्हणाले. “विश्वास त्याच्यावर.”

मिस्त्रीनं तोंडातले चार स्क्रू तळहातावर काढले. “सर, काल चष्मेवाल्यांनी विश्वास खाली लावून घेतला. परवा तुम्ही वर लावून घेतला होता.”

“चष्मेवाल्याला काय कळतंय! मला सांग, मेलेला माणूस विश्वास ठेवू शकतो का? नाही. देव आधी त्याला जिवंत करतो, तो नवा जन्म. मग तो विश्वास ठेवतो. कळलं? आता सांग, आधी काय येतं?”

“आधी स्क्रू येतो, सर. आणि तो आता आटे धरत नाहीये.”

“कारणं सांगू नकोस,” म्हणून हेडमास्तर निघून गेले. ते निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, पण समोर दिसेल तो माणूस त्यांना अजून चौथीतलाच वाटायचा. मिस्त्री बासष्टचा होता.

जिन्याची कल्पना चर्चच्या नव्या पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची. तरुण माणूस, उत्साह उतू चाललेला. उपासनेत ‘पवित्रीकरण’ हा शब्द उच्चारला की मागच्या तीन बाकांवरची माणसं हटकून झोपतात, हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा त्यांनी ठरवलं की चर्चच्या वर्धापनदिनाला तारण, म्हणजे पापातून सुटका कशी होते ते, लोकांना डोळ्यांनीच दाखवायचं. सात पायऱ्यांचा जिना, प्रत्येक पायरीवर एक शब्द. पाचारण, म्हणजे देव हाक मारतो. मग नवा जन्म. मग विश्वास. मग नीतिमान ठरणं, म्हणजे गुन्हेगाराला न्यायाधीशच निर्दोष सोडतो. मग दत्तक, म्हणजे सोडतो तो सोडतो आणि वर घरी जेवायला नेतो. मग पवित्रीकरण, म्हणजे जन्मभर घासणं-पुसणं. आणि सगळ्यात वर गौरव, तिथे माइक ठेवायचा.

नकाशा कागदावर सुंदर होता. फक्त पाळकांना एक ठाऊक नव्हतं. दुसरी पायरी कोणती नि तिसरी कोणती, यावरून मंडळीच्या दोन वडिलांमध्ये, म्हणजे चर्चच्या कारभारी ज्येष्ठांमध्ये, एकोणीस वर्षं बोलणं बंद होतं. एक हेडमास्तर. दुसरे चष्म्याचे दुकानदार. चष्मेवाल्यांचं म्हणणं, आधी माणसानं विश्वास ठेवायचा, मग नवा जन्म मिळतो. गिऱ्हाइकानं दार उघडल्याशिवाय दुकानात कोणी येत नाही. समोरासमोर बोलायचं नाही म्हटल्यावर दोघंही मिस्त्रीशी बोलायचे. हेडमास्तर सकाळी, चष्मेवाले दुपारी.

मिस्त्रीनं मजबुतीसाठी पायरीची फळी आणि शब्दाची पुढची पट्टी एकजीव चिकटवली होती. त्यामुळे शब्द हलवायचा तर अख्खी पायरी हलवायची. अक्षरं पुसून पुन्हा रंगवावीत म्हटलं तर ती हेडमास्तरांच्या बायकोनं सोनेरी रंगात, आठवडाभर मान मोडून काढलेली. त्यांच्यावर ब्रश फिरवायची छाती खुद्द पाळकांचीही नव्हती. नऊ दिवसांत बारा अदलाबदली झाल्या. भोकं सैल झाली, मिस्त्रीनं त्यांत काड्यापेटीच्या काड्या ठोकल्या. काड्या सैल झाल्या, तेव्हा आणखी काड्या ठोकल्या.

“साहेब, बाजूच्या फळ्या नव्या लागतील,” तो पाळकांना म्हणाला.

“मिस्त्रीकाका, एका दिवसाचा तर प्रश्न आहे,” पाळक म्हणाले. “आणि चढणार कोण? तुम्हीच.”

हो, चढणार मिस्त्रीच होता. पाळकांना जिना चढायला एक खराखुरा पापी हवा होता, आणि मंडळीच्या वहीत ठरावानं सिद्ध झालेला पापी एकच होता.

बावीस वर्षांपूर्वी प्रभुभोजनाच्या वेळी, अगदी शांत क्षणी, हेडमास्तरांची कवळी सुटून द्राक्षारसाच्या प्याल्यात पडली होती. डुबुक. सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. मिस्त्री हसला. त्याला माफी मागायला सांगितलं, तो उभा राहिला, “मला पश्चात्ताप होतोय” म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा हसला. तीन रविवार संधी दिली. तिन्ही रविवारी हेडमास्तरांच्या तोंडाकडे बघून त्याचं तेच. शेवटी ठराव झाला: पश्चात्तापाचा अभाव, नाव कमी करण्यात यावं.

नाव गेलं त्याचं मिस्त्रीला एवढं काही वाटलं नाही. पण नावाबरोबर जागा गेली. चर्चच्या भिंतीच्या आत सभासदांनाच पुरतात. बाकीच्यांना भिंतीपलीकडे, नगरपालिकेच्या दफनभूमीत. आणि बायको सभासद होती. डॉक्टरांनी तिला या हिवाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. पाळकांनी शब्द दिला होता: जिना सगळ्यांसमोर वरपर्यंत चढा, त्याच दिवशी नाव पुन्हा वहीत घेतो.

“मध्ये भिंत नको हो,” बायको म्हणायची. ती आता चाकाच्या खुर्चीत असायची, आणि पायांतली सगळी ताकद तिच्या जिभेत येऊन बसली होती. “छत्तीस वर्षं तुमचं घोरणं ऐकलंय. एकदम बंद झालं तर झोप लागायची नाही मला.”

“चढतो की.”

“चढा. मी वर जायच्या आधी तुम्ही निदान पाच फूट तरी वर जा.”

“तिसरी पायरी हलतेय गं.”

“तुम्ही बांधलेली?”

“मी बांधलेली नाही हलत. त्यांनी सारखी काढायला लावलेली हलते.”

“मग कडेनं पाय टाका. आणि हे बघा, त्यांच्या तोंडाकडे बघू नका.”

रविवारी चर्च भरलं. मिस्त्रीनं बायकोला पहिल्या रांगेत नेऊन खुर्चीचं चाक अडकवलं, सदरा नीट केला, कानावरची पेन्सिल तिच्याकडे दिली. जिन्यावर त्या दिवशी विश्वास तिसरा होता, कारण शेवटची सकाळ हेडमास्तरांची होती. चष्मेवाले तोंड फिरवून बसले होते.

“पाचारण!” पाळक गरजले. मिस्त्री पहिल्या पायरीवर चढला. कडेनं.

“नवा जन्म!” दुसरी. पुन्हा कडेनं. खालून काड्यांची कुरकुर ऐकू आली, ती फक्त त्यालाच.

“मधोमध उभा राहा,” हेडमास्तर पहिल्या रांगेतून कुजबुजले. त्यांची कुजबूज शेवटच्या बाकापर्यंत जायची. “चोरासारखा कडेनं काय चढतोस!”

मिस्त्रीनं खाली पाहिलं. बायकोनं मान हलवून नको म्हटलं. पण बावीस वर्षांनी सगळी मंडळी त्याच्याकडे बघत होती आणि पाच पायऱ्या उरल्या होत्या. त्यानं पाय मधोमध टाकला.

आधी तिसरी गेली, मग तिच्या धक्क्यानं दुसरी, मग बाजूच्या फळ्या फाकल्या आणि वरच्या चारही पायऱ्या एकामागोमाग एक खाली आल्या. गौरव शेवटी आला, माइकसकट, मिस्त्रीच्या मनगटावर. हनुवटी पाचारणावर आपटून त्याचे पुढचे दोन दात उडाले. एक कुठे गेला ते कोणाला कळलं नाही. दुसरा हेडमास्तरांच्या उघड्या गीतपुस्तकात, बरोब्बर मध्यावर येऊन पडला.

मग चष्मेवाले उठले आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा हेडमास्तरांशी बोलले.

“बघितलंत? चुकीच्या जागी लावलेली पायरी मोडणारच!”

“मूर्खा, नव्या जन्मावर तो व्यवस्थित उभा होता!” हेडमास्तर म्हणाले. “तिथपर्यंत काही झालं का? याचा अर्थ त्याचं तारण झालेलं आहे.”

“झालेलं असतं तर पडला असता का?”

“अहो, कोणीतरी हात द्या,” खालून मिस्त्री म्हणाला. दात नसल्यानं ते कोणाला नीट कळलं नाही. पाळक वही चाळत होते. वरपर्यंत पोचला नाही तर नाव घ्यायचं की नाही, याबद्दल वहीत काहीच नव्हतं.

आणि तेवढ्यात बायको हसली. आधी बारीक, मग खुर्ची हलेपर्यंत. हेडमास्तर चिमटीत धरलेला दात कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे बघत होते, तिनं तिकडे बोट दाखवलं आणि आणखी हसली. खोकला आला, तरी थांबली नाही.

मंगळवारी दोघे वडील आणि पाळक घरी आले. मिस्त्रीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. चहा त्यानं डाव्या हातानं केला, म्हणून कोणी प्यायलं नाही.

“बाई,” हेडमास्तर बायकोला म्हणाले, “तारणाच्या सिद्धांताला हसलात तुम्ही. भर उपासनेत. पश्चात्ताप होतोय म्हणा, विषय संपवू.”

“आणि यांचं नाव?”

“ते वरपर्यंत पोचले नाहीत,” चष्मेवाले म्हणाले. या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं.

“बरं. थांबा हं, होतोय का बघते.” तिनं डोळे मिटले. मन लावून, सावकाश. मग उघडले, हेडमास्तरांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि फिस्सकन हसली. “नाही हो होत. प्रयत्न केला, तर आणखीच हसू येतंय.”

पाळकांचा चेहरा पडला. “काकू, असं करू नका. नाव काढावं लागेल तुमचं. मग भिंतीच्या आतली जागासुद्धा...”

“जागा जाईल?”

“जाईल.”

“अरेरे,” बायको म्हणाली. “मग कुठे पुरणार मला?”

“भिंतीपलीकडे,” हेडमास्तर म्हणाले.

“यांच्याबरोबर?”

तिनं पदरानं डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं की काय होतं, पाळकांना कळलं नाही. ते गेल्यावर मिस्त्री दाराशी तसाच उभा राहिला.

“खरंच हसू आलं होतं का गं?”

“चहा गार होतोय,” ती म्हणाली. “तीन कप आहेत. दीड-दीड पिऊ.”

त्यानंतर ती अकरा दिवस जगली.

जिन्याचा ढीग चर्चच्या आवारात तसाच पडून होता. अडगळ घेऊन जा, असा पाळकांचा निरोप आधीच आला होता. मिस्त्रीनं ती हातगाडीवर घालून आणली. बाजूच्या दोन लांब फळ्या पेटीच्या बाजूंना झाल्या. पायऱ्या सात, दहा इंची एकेक, आडव्या लावल्या की तळ पाच फूट दहा इंच. बायको पाच फुटांची, म्हणजे उशाशी उशीला जागा राहत होती. झाकणाला घरच्या कपाटाची दारं काढली. प्लास्टरचा हात रंध्यावर नुसता वजनाला ठेवून तो डाव्या हातानं ओढत होता.

हेडमास्तर आणि चष्मेवाले सांत्वनाला एकाच वेळी फाटकाशी पोचले. दोघांची नजर आधी तळाच्या फळ्यांवर गेली.

“पायाकडून दुसरी कोणती लावलीस?” हेडमास्तरांनी विचारलं.

“हाताला आली ती.”

चष्मेवाले वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. पुढच्या पट्ट्यांवर काहीच नव्हतं. लाकूड गोरंपान, तासून काढलेलं.

“अरे, माझ्या बायकोची अक्षरं!” हेडमास्तर ओरडले. “कुठे गेली?”

मिस्त्रीनं कोपऱ्याकडे हात केला. तिथे रंध्याची सालपटं पडली होती, कुरळी, कडांना सोनेरी. कुठला तुकडा कुठल्या शब्दाचा, ते आता देवालाच कळलं असतं. मिस्त्रीनं ती ओंजळीओंजळीनं उचलून उशीच्या अभ्र्यात भरली, वरून थापटून बघितली आणि डाव्या हातानं, वेडेवाकडे टाके घालत तोंड शिवून टाकलं. दोघे वडील बघत उभे राहिले. बसा, असं त्यानं म्हटलं नाही.

नगरपालिकेच्या दफनभूमीत कोणी काही विचारलं नाही. झाकण लावायच्या आधी मिस्त्रीनं पाहिलं, उशीच्या शिवणीतून एक सोनेरी सालपट बाहेर येऊन तिच्या कानावर बसलं होतं. त्यानं ते तसंच राहू दिलं.

माती लोटून झाल्यावर त्यानं खिशातून टेप काढला, वाकून शेजारची जागा मोजली, आणि पेन्सिल कानावर ठेवली.