शीतलबाबांचा हंडा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. शीतलबाबांनी स्टीलच्या हंड्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि पांढऱ्या वाफेचा लोट मंचावरून उतरून थेट पहिल्या रांगेच्या पायांशी आला. त्या रांगेत सगळ्यांचं कुणी ना कुणी नुकतंच गेलेलं. माझी धाकटी बहीणही तिथेच.

"आले! भेटायला आले!" बाबा गरजले. "अतिथंडीत तुटलेली जोडी पुन्हा बांधली जाते. पण बंध नाजूक! घर गार ठेवा. ऊब लागली की सुटलाच!"

हे बोलणं माझं होतं. ज्याहून थंड काही असूच शकत नाही, त्या टोकाच्या अगदी जवळ नेऊन आमच्या प्रयोगशाळेत अणू थंड करतात. तेव्हा कुठे दोन अणू सैलसर हात धरून एक रेणू होतात, आणि जराशा उबेने सुटतात. मेहुणे गेल्यावर बहिणीशी काय बोलावं सुचेना, म्हणून जेवताना मी माझं कामच सांगत बसायचे. तिने ते भाबडेपणाने बाबांच्या कानावर घातलं. बाबांनी त्यालाच मंत्राचा मुलामा दिला.

ऐन थंडीत तिच्या घराच्या खिडक्या सताड उघड्या, हीटर बंद. पाच वर्षांची लेक दोन स्वेटरांत खोकत होती. छाती भरलीय, ऊब द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बाबांच्या हंड्यात असणार तोच द्रवरूप नायट्रोजन मी कामावरून आणला, ओट्यावर पातेल्यात ओतला, वर गरम पाणी. वाफ ओट्यावरून घरंगळत बहिणीच्या पायांशी आली.

"गार वाफ जड असते, खालीच जाते. म्हणून तुम्हाला मंचाखाली बसवतात. आणि हे कसलं थंड! माझ्या रेणूंना ही भट्टी वाटेल. शिवाय रेणू म्हणजे माणूस नव्हे गं."

"मग तो आलाच नव्हता, ताई?"

"नाही."

"एकदाही?"

मी नकारार्थी मान हलवली. कुणी चमत्कार दाखवला तर पातेलं मागा, पाणी ओता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, हे मी चारचौघांत ठणकावून सांगते. आणि ज्याचा भ्रम तोडाल त्याच्याजवळ बसून राहा, हेही आता सांगेन.

बहीण उठली. एकेक खिडकी लावत गेली. शेवटच्या कडीला हात अडला.

"तो गेला तेव्हा मी रडले नव्हते," ती म्हणाली. "येईल असं वाटायचं."

तिने कडी लावली, लेकीला पोटाशी घेतलं आणि हंबरडा फोडला.