टाकीचं झाकण

चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. जलमहाराजांनी तांब्याभर पाणी इंजिनाच्या टाकीवरच्या नळीत ओतलं, दोरी ओढली आणि इंजिन धडधडू लागलं. त्याला जोडलेला दिवा लागताच लोकांनी हात जोडले. तांब्याभर पाण्याने हा देव झाला, तर घरोघरी नळ सोडणारा कोण, असं डॉक्टरबाईंच्या मनात आलं.

"पेट्रोल म्हणजे धरणीच्या पोटातलं पाप," महाराज सांगत होते. "पाणी म्हणजे आभाळातलं पुण्य. फक्त शंका घेऊ नका. पाणी रुसतं."

बाईंच्या धाकट्या भावाने शंका घेतलीच नव्हती. आई घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होती आणि वीज सारखी जायची. बाईंनी बसवलेला डिझेलचा जनरेटर त्याने परस्पर काढून टाकला आणि हे जलइंजिन आणलं. परवा वीज गेली, तेव्हा ते थोडा वेळ चाललं आणि बंद पडलं. कोपऱ्यात ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर उभा होता. पण दुसरा आधार घेतला तर पाणी कायमचं रुसेल, अशी महाराजांची ताकीद होती. भाऊ हात जोडून पाणी ओततच राहिला. बाई दवाखान्यातून धावत आल्या, तोवर आई गेली होती.

आजही तो महाराजांच्या पायाशी बसला होता. "ताई, माझीच श्रद्धा कमी पडली," तो म्हणाला. महाराजांनी मायेने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तसा बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि पान्याने टाकीचं झाकण काढलं. उग्र दर्प सुटला. आत करडे खडे होते आणि चुन्यासारखा चिखल.

"हे कार्बाइड. वेल्डिंगवाल्यांकडे असतं. यावर पाणी पडलं की गॅस सुटतो आणि इंजिन त्या गॅसवर चालतं. खडे संपले की खेळ खलास. पाणी स्वतः इंधन नव्हेच; हायड्रोजन जळून जी राख उरते, तीच पाणी. त्यातून हायड्रोजन पुन्हा काढता येतो, पण त्याला लागणारी वीज तो जाळून मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्तच असते. उद्या दुसरा कुणी असंच इंजिन घेऊन येईल. त्याला आधी झाकण उघडायला लावा."

"पण दिवा तर लागला ना?" गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. महाराजांनी काढता पाय घेतला, तेव्हा लोकांनी वाकून त्यांना वाट दिली.

भाऊ मात्र त्या चिखलाकडे बघत राहिला. "ताई, मी सिलिंडर उघडला असता तर?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं.

"आई आज घरात असती," त्या म्हणाल्या. "श्रद्धा तुझी कुठेच कमी पडली नाही. झाकण उघडून बघायचं तेवढं राहिलं."