गोसाईकुंडाची ओवाळणी

राखीपौर्णिमेच्या सकाळी लतिकाआत्या नेदरलँड्समध्ये आमच्या आल्मेरेच्या घरी स्वयंपाकघरात नारळीभातासाठी नारळ खवत होती आणि मी फोनवर म्हाताऱ्या माणसांची बोटं बघत होते.

बोटं म्हणजे खरोखरचीच बोटं. माझे बाबा, रविकांत, सत्तरीला टेकलेले, पुण्याच्या एका ज्येष्ठांच्या ग्रुपबरोबर नेपाळात गोसाईकुंडाला निघाले होते. हिमालयात चार हजार मीटरच्याही वर असलेलं ते तळं. हलाहल प्यायल्यावर घसा जळायला लागला तेव्हा महादेवाने त्रिशूळ मारून तिथे पाणी काढलं म्हणतात, आणि श्रावणी पौर्णिमेला तिथे मोठी जत्रा भरते. एवढ्या उंचीवर हवा विरळ होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, आणि 'मला काही होत नाही' म्हणणारी माणसंच आधी आडवी होतात, हे सगळं मी वाचून ठेवलं होतं. म्हणून निघण्यापूर्वी मीच फतवा काढला: सगळ्यांनी सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि फोटो ग्रुपवर टाकायचा. नुसता आकडा लिहिलेला चालणार नाही. मी हूफडॉर्पच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पुराव्याशिवाय मी कुणाचं काही मानत नाही, नवऱ्याचंसुद्धा नाही. आकडा पंचाहत्तरच्या खाली गेला की माणसाने मुकाट्याने खाली उतरायचं, असं ग्रुप नेणाऱ्या विराजने सगळ्यांसमोर कबूल केलं होतं.

गोसाईकुंडाचं हे खूळ बाबांचं नव्हतं, आत्याचं होतं. आत्या बाबांची मोठी बहीण. दर राखीला बाबा तिला विचारायचे, "ताई, ओवाळणी काय देऊ?" आणि दर राखीला ती म्हणायची, "राहू दे रे, जमा ठेव." तिचे यजमान गेले त्या वर्षीसुद्धा तेच. बाबा साडी घ्यायचे, ती कुणाला तरी देऊन टाकायची. आणि गेल्या राखीला तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. "गोसाईकुंडाचं गडूभर पाणी आण. माझे गुडघे काही मला तिथे नेणार नाहीत आता." बाबांना असा आनंद झाला होता की जणू ओवाळणी त्यांनाच मिळाली. इकडे माझ्याकडे यायच्या आधी आत्याने तांब्याचा गडू चिंच लावून आठवडाभर घासला आणि बाबांच्या बॅगेत स्वतः ठेवला. आल्मेरे समुद्रसपाटीच्या खाली आहे हे कळल्यापासून ती शेजारच्या डच आजींनासुद्धा सांगत होती, मराठीतच, की मी पाताळात आणि माझा भाऊ कैलासावर.

तर त्या सकाळी फोटो आले. बाबांचा आकडा शहाऐंशी. त्यांचे जुने मित्र आणि खोलीतले सोबती मोहनकाका, त्यांचा सत्त्याऐंशी. त्या उंचीवर दोन्ही उत्तम. मी खूश होऊन अंगठा टाकणार, तेवढ्यात हात थांबला.

बाबांची तर्जनी वाकडी आहे. कॉलेजात विकेटकीपिंग करताना चेंडू बसला आणि ती मधल्या सांध्यातून कायमची वाकली. त्याच बोटाला धरून मी शाळेत गेले आहे. फोटोतलं बोट मात्र फूटपट्टीसारखं सरळ होतं.

"डाव्या हाताचं असेल," आत्या म्हणाली. खवणं थांबलं नाही.

मी मोहनकाकांचा फोटो उघडला. तेच बोट. तीच मरून स्वेटरची बाही आणि मनगटापाशी तोच उसवलेला धागा.

"आत्या, दोन माणसांचे स्वेटर एकाच जागी उसवतात का?"

मी मागचे फोटो काढले. आदल्या संध्याकाळचं बोट सरळ. त्याच्या आधीची सगळी वाकडी. इतके दिवस मी आकडे तपासत होते, आणि बोट कुणाचं हे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाबांना फोन लावला. उचलला नाही. विराजचा लागेना, तो बाकीच्यांना घेऊन पहाटेच तळ्याकडे गेला होता. यशोधन, माझा नवरा, ऑफिसच्या कामाला ब्रेडाला गेलेला. तो तरी तिथून काय करणार होता म्हणा. शेवटी मोहनकाकांनी उचलला.

"काका, बाबांचा खरा आकडा किती आहे?"

"अगं, टाकलाय ना ग्रुपवर."

"तो तुमचा आहे. दोन्ही तुमचेच आहेत. खरा सांगा."

काकांचा आवाज एकदम खाली गेला. "अडुसष्ट. काल संध्याकाळपासून डोकं धरून बसलाय. दोनदा उलटी झाली. त्याने शपथ घातली गं मला, म्हणाला आता एवढंच तर चढायचंय. मला वाटलं, सकाळपर्यंत बरं वाटेल."

"आत्ता कुठे आहात?"

"लौरीबिनाच्या लॉजवर. आम्ही दोघं आणि आमचा पोर्टर. रवी बूट घालतोय. केव्हाचा एकच बूट घालतोय."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण एकच बूट ऐकल्यावर ते राहूनच गेलं. मी म्हटलं, "द्या त्यांना."

"कोण, चैतू?" बाबांचा आवाज अगदी प्रसन्न होता. जीभ मात्र जड. "दप्तर आवरलंस का?"

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. ओट्याची कड हातात घट्ट धरून उभी राहिले. मेंदूला सूज यायला लागली की माणूस असं बोलतो, हे मी वाचलं होतं. त्यावर एकच उपाय, लगेच खाली उतरणं, हेही वाचलं होतं.

"बाबा, तुम्ही आत्ताच्या आत्ता खाली उतरायचं. ऐकताय ना? खाली."

"खाली कशाला? ताईचं पाणी राहिलंय."

"नकोय कुणाला पाणी! बाबा, तुमची तब्येत—"

"तू अभ्यास कर," ते म्हणाले आणि फोन मोहनकाकांच्या हातात देऊन मोकळे झाले.

"काका, हेलिकॉप्टर?"

"अगं, ढग इतके आहेत की समोरचं कुंपण दिसत नाही. कोण येणार? मघाशी मी आणि पोर्टरने हात धरले तर केवढ्यांदा ओरडला. माझं तर ऐकतच नाही. तू बोल, कुणीतरी बोला त्याच्याशी. मी दार अडवून उभा राहतो."

मी वळले. आत्या खवत होती. करवंटीत खोबरं उरलं नव्हतं, नुसती खरवड निघत होती.

"ऐकलंस ना? ते तुझं ऐकतील. तू सांग परत फिरायला."

"इतक्या दारात जाऊन पाठ फिरवायची?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "महादेवाच्या दारात काही होत नाही कुणाला. आणि चक्कर काय, मलाही येते जिना चढताना."

"आत्या, हा जिना नाही!"

"जन्मात एक गोष्ट मागितली मी. एक. तीही..."

त्या क्षणी मला तिचा मनापासून राग आला. तिचा, तिच्या गडूचा, त्या चिंचेचासुद्धा. मी बोलून गेले. "मिळेल तुला पाणी. बाबा पोहोचतीलही. पण मग ते पाणी घेऊन येणार कोण? मोहनकाका? का पार्सलने मागवू?"

माझ्या हातात फोन तसाच चालू होता आणि पलीकडे काका कुणालातरी "थांब रे, थांब" म्हणत होते. मी ते दोन फोटो तिच्या नाकासमोर धरले. "हे बघ. तू लहानपणापासून बघतेयस ते बोट. हे त्याचं आहे?"

आत्याने चष्मा वर सरकवला. बराच वेळ बघत राहिली. मग तिने खोबऱ्याचे हात पदराला पुसले. सणाच्या नव्या साडीला एरवी तिने कधी हात पुसला नसता.

"मोडलं तेव्हापण असंच केलं होतं मेल्याने," ती म्हणाली. "फायनल मॅच होती. आई खेळू देणार नाही म्हणून खिशात हात घालून हिंडला. जेवतानासुद्धा डाव्या हाताने जेवायला लागला, म्हणाला सवय करतोय. आम्ही हसलो. म्हणून तर ते वाकडं बसलं." तिने हात पुढे केला. "आण इकडे."

मी स्पीकर लावून फोन तिच्या हातात दिला.

"रवी."

"ताई! निघालोच आहे बघ. गडू घेतलाय."

"आज राखी आहे. आठवतंय ना?"

"हो मग. म्हणून तर चाललोय."

"माझी ओवाळणी दे."

"तीच आणतोय ना गं. पाणी."

"ते नको. मी मागणं बदललं."

पलीकडे लॉजच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग ते लहान मुलासारखे चिडून म्हणाले, "असं बदलता येत नाही."

"का येत नाही? इतकी वर्षं जमा ठेवलंय तुझ्याकडे. आज सगळं काढून घेतेय. मोहनचा हात धर आणि खाली उतर. पाठीमागे बघायचं नाही. हीच माझी ओवाळणी."

"ताई, पहिल्यांदा काहीतरी मागितलंस गं तू." बाबा रडत होते. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं. "जन्मात पहिल्यांदा. आणि मी इथपर्यंत येऊन..."

"ते मी उगीच मागितलं होतं," आत्या म्हणाली. "तू दर वर्षी मागे लागतोस म्हणून काहीतरी बोलायचं, तसं बोलले. मला कुठे पाणी हवंय? इथे चैतूकडे नळाला चोवीस तास पाणी आहे. मला नकोच होतं ते."

आठवडाभर गडू घासणारी माझी आत्या हे बोलत होती. चेहरा कोरडा ठणठणीत, आणि दुसऱ्या हाताने ती ओट्यावर सांडलेलं खोबरं गोळा करत होती.

"खरंच नको?" बाबांनी विचारलं.

"खरंच नको. ओवाळणी देतोयस का नाही? का आज बहिणीला रिकाम्या हाताने पाठवणार आहेस?"

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मोहनकाकांचा घाईघाईचा आवाज, "हां रे, हां, दुसरा बूट दे." मग ते फोनवर आले. "उठलाय. खालच्या वाटेला लावतोय त्याला. पुढे रेंज नसेल." आणि फोन गेला.

पुढचे तास मला नीट आठवत नाहीत. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरचे शेजारी गाडी धूत होते, कालव्यात कुणाची तरी मुलं रबरी बोटीत बसून किंचाळत होती आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता. मी विराजला निरोपावर निरोप पाठवले. खालच्या मुक्कामाच्या, सिंगगोम्पाच्या, एका लॉजचा नंबर शोधून काढला आणि मोडक्या हिंदीत तिथल्या बाईंना सांगितलं की दोन म्हातारे येतील, त्यातल्या एकाचं बोट वाकडं आहे, ऑक्सिजनचा सिलिंडर काढून ठेवा. त्यांनी बोटाचं का सांगतेय म्हणून विचारलं नाही, हे बरं झालं.

आत्याने नारळीभात केला नाही. ती देवापुढे पण बसली नाही, याची मला जास्त भीती वाटली. खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसली होती.

"मी खोटं बोलले ते कळलं असेल त्याला?" तिने मध्येच विचारलं.

खरं तेच सांगावं असं वाटलं. "कळलं असेल."

"मग परत वर तर नाही ना वळणार? अर्ध्या वाटेतून?"

"नाही गं."

"तू काय सांगतेस? तू ओळखतेस का त्याला?" ती करवादली. मला तिचं ते करवादणं फार बरं वाटलं. मी तिच्यासाठी चहा टाकला. दोघींनीही तो प्यायला नाही.

दुपार कलताना फोन वाजला नाही, नुसता थरथरला. ग्रुपवर फोटो आला होता. खाली एक शब्द नाही. काळ्या चौकोनात आकडा, आणि चौकोनाबाहेर आलेलं बोट, मधल्या सांध्यातून चांगलंच वाकडं.

मला आधी आकडा दिसला. वर आला होता. पुरेसा वर. मी खाली बसले, तिथेच लादीवर, आणि हुंदका आवरता आला नाही. "आत्या, उतरले. पोहोचले खाली. एक्क्याण्णव आहे."

आत्याने फोन घेतला. एक्क्याण्णव म्हणजे चांगलं की वाईट हे तिने विचारलं नाही. आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या बोटावर तिने आपलं बोट ठेवलं, हळूच, दुखेल म्हणून ठेवावं तसं. स्क्रीन सरकली आणि मागून आलेला दुसरा फोटो समोर आला. सरळ बोट, उसवलेली बाही.

"हा मोहन," ती म्हणाली आणि फोन माझ्यापुढे केला. "मागे घे."

मी स्क्रीन मागे सरकवून बाबांचं बोट परत समोर आणलं. आत्या उठली, ताम्हन घेतलं आणि निरांजनात तूप घालायला लागली.