गुलाबी कड्याची काडतुसं

मला ड्वेन स्टूबला तोंडघशी पाडायचं होतं, आणि तेही चारचौघांत. एकट्यात गाठून चार शिव्या हासडल्या असत्या तर माझं समाधान झालं नसतं. त्याने माझ्या बाबांची अब्रू चारचौघांतच घालवली होती, कॉफीच्या दुकानात, पुढ्यात हकलबेरीची पेस्ट्री घेऊन, मिटक्या मारत.

माझे बाबा ऑरिन ब्रेक्के. आमच्या एल्डर फोर्क गावात काडतुसं घरी भरणाऱ्यांत त्यांच्याइतकं जुनं कोणी उरलं नव्हतं. आमच्याकडे दुकानातली तयार काडतुसं विकत घेणाऱ्याला लोक पाहुणाच समजतात. पितळी पुंगळी धुवायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची आणि वर गोळी दाबायची, हे सगळं जो तो आपापल्या रायफलीच्या मापाने करतो. बाबा म्हणायचे, बाकीचं कोणीही शिकेल, पण गोळी निवडायला अक्कल लागते. नवशिक्याने गोळ्यांचा डबा उघडला की ते आधी विचारायचे, "समोर कोण आहे? कागद आहे की जीव आहे?"

कागदी निशाणावर मारायची गोळी अंगाने नाजूक असते. टोकाला बारीक भोक, वर तांब्याचं पातळ कवच. ती जाते एकदम सरळ, पण हाडावर आपटली की तिचा चुरा होतो. शिकारीची गोळी जाड कवचाची, मऊ शिशाच्या नाकाची. ती आत जाऊन उमलते, पण फुटत नाही, आणि जनावर फार हाल न होता पडतं. या दोघींची अदलाबदल म्हणजे आमच्याकडे पाप. ती होऊ नये म्हणून बाबा काडतुसाच्या बुडाला, टोपीभोवती, आईच्या नेलपॉलिशचं कडं काढायचे. शिकारीला लाल, कागदाला गुलाबी. आई गेल्यावरही तीच छटा हवी म्हणून ते स्वतः दुकानात जायचे आणि काउंटरवरच्या बायका त्यांना विचारायच्या, "काय ऑरिन, आज कोणाला भेटायला?"

ड्वेन बाबांच्या कामाच्या बाकावरच शिकला, माझ्या शेजारी बसून. माझ्यापेक्षा थोडा मोठा, हाताने बरा, पण आळशी. बाबांचा त्याच्यावर जीव. दोन वर्षांपूर्वीच्या शिकारीच्या मोसमात बाबांनी त्याला दोन डबे भरून दिले, एक लाल कड्याचा, एक गुलाबी. ड्वेनने पहाडात एका मोठ्या एल्क हरणावर गोळी झाडली. ती खांद्याच्या हाडावर फुटली आणि एल्क लंगडत दरीत उतरला. पुढे तो दुसऱ्याच शिकाऱ्यांना सापडला. खांदा सडलेला, कोल्ह्यांनी मागून खायला सुरुवात केलेली, आणि तरी जिवंत.

जखमी जनावर मागे सोडणाऱ्याकडे आमच्या गावात लोक पाठ फिरवतात. ड्वेनला ते ठाऊक होतं. म्हणून त्याने कॉफीच्या दुकानात सांगून टाकलं, "मी लालच कड्याचं काडतूस भरलं होतं रे. म्हाताऱ्याने कडं लाल काढलं आणि गोळी कागदाची दाबली. डोळे गेलेत त्याचे. बोलायला बरं वाटत नाही, पण गेलेत." रिकामी पुंगळी दाखव म्हटलं, तर ती म्हणे बर्फात हरवली. पितळेची पुंगळी जपून खिशात टाकणारा हा माणूस, नेमकी तीच हरवली!

बाबांचे डोळे ठणठणीत होते. गेले होते ते कान, जन्मभर बार ऐकून. पण खरी खोच इथेच होती. ड्वेन खोटं बोलत असेल असं बाबांच्या मनातच येईना. ते स्वतःवर संशय घेऊ लागले. भिंगाखाली जुनी काडतुसं धरून बसायचे आणि मला हाक मारायचे, "मार्ना, बघ गं, ही मऊ नाकाचीच आहे ना?" मी कानाशी ओरडून सांगायची, "हो बाबा, तीच आहे." ते मान हलवायचे, पण पटलेलं नसायचं. नेमबाजी क्लबात हिवाळ्यात नव्या लोकांना शिकवायचं काम त्यांचं असे. तेही क्लबाचे अध्यक्ष हार्लनकाकांनी गोड बोलून काढून घेतलं. "ऑरिन, जरा आराम करा आता." आराम कसला, माणूस खुर्चीत बसून झिजला. त्या संशयातच गेला.

दफनाच्या दिवशी ड्वेन बायकोने केलेलं बटाट्याचं कॅसरोल घेऊन आला. माझ्या गळ्यात पडला. "मी बाक आवरून देतो, मार्ना," म्हणाला, आणि आवरलाही. तो गेल्यावर पाहिलं, तर बाबांनी स्वतःच्या रायफलीसाठी भरलेला गुलाबी कड्यांचा डबा गायब होता.

मी कपाळाला हात लावला आणि मग हसले. वर्षभरात पहिल्यांदा हसले. कारण ती काडतुसं कसली आहेत, हे त्या गाढवाला ठाऊक नव्हतं.

बाबांची रायफल जुनी. इतके बार झालेले की नळीचा गळा आतून झिजलेला. म्हणून बाबा गोळी पुंगळीतून जास्त बाहेर ठेवायचे, म्हणजे तिचं नाक आत जाऊन नळीतल्या पिळाच्या आट्यांना जेमतेम टेकायचं. ड्वेनची रायफल त्याच मापाची, पण नळी गेल्या वर्षीच बसवलेली, कोरी. तिच्यात तीच गोळी आट्यांत घट्ट रुतून बसणार. झाडली तर काही कळणार नाही. बाबांची कागदाची दारू सौम्य असायची, त्यामुळे रायफल काही फुटणार नव्हती. खोटं कशाला बोलू, फुटली तर काय, हाही विचार माझ्या मनात येऊन गेला होता. पण न झाडता काडतूस बाहेर ओढलं, की गोळी नळीतच राहणार आणि दारू सांडणार. "दुसऱ्याची कवळी आणि दुसऱ्याची काडतुसं आपल्या तोंडात बसत नाहीत," असं बाबा पहिल्याच दिवशी शिकवायचे. ड्वेन त्या दिवशीही बहुतेक झोपला होता.

एल्कचा मोसम उघडण्याआधी आमच्या क्लबाची मोठी स्पर्धा असते. सरावाला ड्वेनचा नेम असा लागायला लागला की लोक म्हणाले, ड्वेनला हात गवसला. मी त्याच्या मागे उभी राहून पाहिलं. काडतूस आत ढकलणारा बोल्ट मिटताना त्याला किंचित जोर लावावा लागत होता. डब्यात काडतुसं नाक वर, बूड खाली करून ठेवलेली. म्हणजे बुडाचं कडं कोणाला दिसायला नको. मी तेव्हा काही बोलले नाही. तेव्हा बोलले असते तर म्हणाला असता, ऑरिननेच दिली होती, आणि पुन्हा पेस्ट्री खात बसला असता.

मैदानाची हुकूमत माझ्याकडे असते. बॅटरीचा कर्णा घेऊन मी मागे उभी राहते. मी "भरा" म्हटलं की सगळे भरतात, मी "थांबा" म्हटलं की सगळे तत्काळ बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढतात. का थांबायचं, हे तेव्हा कोणी विचारत नाही. शेजारच्या रँचच्या गाई अधूनमधून निशाणांमागे शिरतात, त्यामुळे सवय आहे.

शेवटच्या फेरीला ड्वेन पहिल्या क्रमांकावर होता. त्याने काडतूस घातलं, बोल्ट जोराने मिटला, गाल लावला. मी कर्णा तोंडाला लावला.

"थांबा! सगळे थांबा! बोल्ट उघडा, काडतुसं बाहेर!"

ओळभर बोल्ट खडखडले. ड्वेनने आपला ओढला. बाहेर आली ती बिनगोळीची पुंगळी, आणि काळ्या दाण्यांची दारू रायफलीच्या पोटात भसाभसा सांडली.

"गाय कुठाय मार्ना?" शेजारच्या बाकावरच्या लव्हेरा बाईंनी डोळे बारीक करून विचारलं.

"मला वाटलं दिसली," मी म्हटलं. "चष्मा बदलायला हवा. आमच्या घराण्यातच डोळे अधू."

कोणीतरी फिस्सकन हसलं. पण लव्हेरा बाईंचं लक्ष ड्वेनच्या रायफलीकडे गेलं होतं. "अगंबाई, गोळी अडकली! ड्वेन, स्वतःच्या नळीचं माप विसरलास होय रे?"

"होतं कधीकधी," ड्वेन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"नाही होत," हार्लनकाका गुडघ्यावर हात ठेवत वाकले. "स्वतः भरलेल्यात नाही होत. कोणाची आहेत ही?"

"माझीच."

हार्लनकाकांनी त्याच्या डब्यातलं एक काडतूस उचललं आणि उलटं केलं. बुडाला गुलाबी कडं. ते इतका वेळ त्याच्याकडे बघत राहिले की मागचे लोक पुढे सरकले. ते गुलाबी कोणाचं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"ही ऑरिनची," ते हळूच म्हणाले.

"त्यानेच दिली होती मला. जायच्या आधी."

"तुझ्या रायफलीसाठी भरून दिली?" मी पुढे झाले. "तुझी नळी कोरी, हे बाबांना माहीत नव्हतं? तूच दाखवायला आणली होतीस की. आणि दिली असं धरून चालू. डोळे गेलेल्या म्हाताऱ्याची काडतुसं ना रे ही? लाल कड्यात कागदाची गोळी दाबणाऱ्याची? मग स्पर्धेच्या कपसाठी स्वतःच्या गालाशी लावताना भीती नाही वाटली?"

तो सांडलेली दारू बोटाने गोळा करू लागला.

"बोल ना. तेव्हा खोटा होतास की आता वेडा आहेस? दोन्हीतलं एक निवड. निवडायला शिकवलं होतं ना तुला?"

"मार्ना, पुरे," हार्लनकाका म्हणाले.

"पुरे कसं? बाबांना घरी बसवलंत तेव्हा तुम्ही विचारलंत का कोणाला?"

ते मागे सरले, आणि त्यांच्यामागे बाकीचेही. आता ड्वेनच्या आजूबाजूला कोणीच नव्हतं. अडकलेली गोळी काढायला सळई लागते. एरवी मागायच्या आत चार जण पुढे करतात. तो इकडेतिकडे बघत होता आणि कोणाचाच हात पेटीकडे जात नव्हता.

"दोन्ही डबे गाडीत होते," तो शेवटी म्हणाला, बुटांकडे बघत. "गुलाबी जास्त सरळ जायची. मला वाटलं, नेम बरोबर असला की झालं. ऑरिनचं लाल बरोबर होतं. मी ते वापरलंच नाही."

लव्हेरा बाईंनी कानावरचे आवाज अडवणारे मफ काढून टेबलावर आपटले. हार्लनकाकांनी टोपी काढली.

झालं होतं. मला हवं ते सगळं, हवं तिथे, हवं त्या लोकांसमोर झालं होतं. आणि तरी माझं समाधान झालं नव्हतं. मैदानाच्या टोकाला टेकडी आहे आणि तिच्यापलीकडे दफनभूमी. आमचे बार तिथपर्यंत ऐकू येतात म्हणून चर्चची मंडळी दरवर्षी कुरकुर करतात. बाबा तिथे आहेत, आईशेजारी.

मी कर्णा ड्वेनच्या हातात कोंबला, त्याला दंडाला धरून उठवलं आणि त्याचं तोंड टेकडीकडे वळवलं.

"तिकडे सांग."

"मार्ना, अगं—"

"तिकडे."

त्याने कर्णा तोंडाला लावला. "ऑरिन," तो म्हणाला, आणि आवाज निशाणांवरून टेकडीकडे गेला. "तुमची गोळी बरोबर होती. चूक माझी होती."

त्याने कर्णा खाली घेतला आणि रडवेला होऊन माझ्याकडे पाहिलं.

"पुन्हा," मी म्हटलं. "मोठ्याने. त्यांना कमी ऐकू येतं."