शेजारच्या काउंटीतला घटस्फोट

माझी बहीण नदीन एकाहत्तराव्या वर्षी दुसऱ्यांदा लग्नाला उभी राहिली, आणि लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा तिला कळलं की आपला पहिला घटस्फोट सापडत नाही. आमच्या टॅलमन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, लग्नाचा परवाना हवा असेल तर आधीच्या घटस्फोटाची सही-शिक्क्याची नक्कल दाखवावी लागते. हे तिला महिनाभर आधीपासून माहीत होतं. पण नावडतं काम आपोआप टळेल म्हणून वाट बघत बसायचं, हा तिचा लहानपणापासूनचा खाक्या.

मूळ कागदाचं काय केलंस, असं मी विचारलं, तर म्हणाली, चुलीत घातला. अडतीस वर्षांपूर्वी कोर्टाची पाकिटं टपालाने आली, तिने पोस्टमनसमोर सही केली आणि न उघडताच ती जाळली. वेंडेलशी, म्हणजे पहिल्या नवऱ्याशी, जोडलेलं काहीही तिला वाचायचं नव्हतं. वेंडेलला रॅकून या रानप्राण्याच्या शिकारीची कुत्री पाळायचं वेड होतं, आणि त्या घरात बायकोपेक्षा कुत्र्यांचं जास्त ऐकलं जायचं. तेही तिने एक वेळ सोसलं असतं. पण एक दिवस तो घर सोडून गेला आणि रोज सकाळी नदीवरच्या पुलाच्या बाजूने कामावर यायला लागला, तेही कडक इस्त्रीचे शर्ट घालून. वेंडेलला इस्त्री कुठल्या बाजूने धरायची हेसुद्धा ठाऊक नव्हतं. नदीपलीकडे त्याने बाई ठेवलीय, हे नदीनने तिथेच ठरवलं आणि गावभर सांगितलं.

तर गुरुवारी दुपारी आम्ही दोघी कोर्टात गेलो. खिडकीवर जनेल होती. मी तीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे या काउंटीतला निम्मा कारभार माझ्या बसमध्ये मारामाऱ्या करून मोठा झालाय. जनेलने आधी संगणकात शोधलं, मग मायक्रोफिल्मवर, मग तळघरातली जाडजूड पुस्तकं उघडली. नदीनच्या लग्नाची नोंद मिळाली. घटस्फोटाची कुठेच नाही.

"मिस ट्वायला," जनेल मला म्हणाली, "घटस्फोट लग्न झालं तिथे नसतो. ज्याने मागितला, तो जिथे राहत होता तिथे असतो. यांचे ते तेव्हा कुठे राहत होते?"

नदीन पर्समध्ये रुमाल शोधायला लागली. मीच म्हटलं, नदीपलीकडे म्हणतात. जनेलचा चेहरा उतरला, कारण नदीपलीकडे राज्यच दुसरं. आणि अलीकडेच असेल तरी आमच्या ओहायो राज्यात अठ्ठ्याऐंशी काउंट्या. राजधानीत सगळ्यांची एक यादी असते खरी, पण तिथून उत्तर यायला कित्येक आठवडे लागतात, असं तिने सांगितलं.

बाहेर येऊन नदीन गाडीत बसली आणि रडायला लागली. मी तिला आईच्या अंत्यविधीला रडताना बघितलं होतं, त्यानंतर आत्ताच.

"म्हणजे मी अजून त्याचीच बायको आहे," ती म्हणाली. "डेलमारला काय सांगू? त्याच्या बहिणींनी पंधरा दिवस बिस्किटं भाजलीयत."

ही बिस्किटं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. आमच्याकडे लग्नात केक नसला तरी एक वेळ चालतं, पण दोन्ही घरच्या बायकांनी भाजलेल्या बिस्किटांचं लांबलचक टेबल लागलं नाही तर ते लग्न लोक मोजत नाहीत. माझ्या फ्रीझरमध्ये डब्यांमुळे बर्फाला जागा उरली नव्हती. पण नदीनच्या डोळ्यांतलं पाणी बिस्किटांसाठी नव्हतं. तिचा होणारा नवरा डेलमार योस्ट हा शांत, विधुर माणूस. त्याच्याबरोबर असताना माझी बहीण जेवताना गाणं गुणगुणते. हे तिला पुन्हा मिळणार नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं.

"वेंडेलला विचारावं लागेल," मी म्हटलं.

त्यापेक्षा मी नदीत उडी मारते, असं ती म्हणाली. दुकानात तो दुधाच्या फडताळापाशी दिसला तर ही दुधाविना घरी येणारी. रात्रभर मी तिचा नाद सोडला. शुक्रवारी सकाळी मात्र ती माझ्या दारात पर्स घेऊन उभी.

वेंडेल त्याच्या घरामागच्या शेडमध्ये एका म्हाताऱ्या कुत्रीची नखं कापत होता. आम्हाला बघून त्याने कात्री खाली ठेवली आणि टोपी काढली. काय हवंय ते मीच सांगितलं, कारण नदीन गाडीतून उतरलीच नव्हती.

"ब्रॅडिशला," तो म्हणाला.

मला वाटलं हा थट्टा करतोय. ब्रॅडिश ही आमची शेजारची काउंटी. त्यांच्याशी आमचं फुटबॉलवरून आजोबांच्या काळापासून वाकडं आहे. टॅलमनचा माणूस तिथे पेट्रोलसुद्धा भरत नाही, ढकलत गाडी आणील. तिथे जाऊन कुणी घटस्फोट घेईल हे आमच्या, किंवा जनेलच्या, स्वप्नातही आलं नसतं. पण वेंडेल गंभीर होता. कोर्टाची इमारत बदललीय, तुम्हाला सापडणार नाही, असं म्हणून तो सरळ मागच्या सीटवर येऊन बसला. कुत्रीही बसली.

अर्धा रस्ता संपला. मग नदीनने समोर बघतच विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"कुणाचं?"

"तुझे शर्ट इस्त्री करणारीचं."

"एडिथ," वेंडेल म्हणाला. "रसेलची आई. तेव्हा अठ्ठ्याहत्तरची असेल. माझ्यावर जीव होता तिचा, पण दात नव्हते."

मला हसू आवरेना, गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. रसेल हा त्याचा ब्रॅडिशमधला चुलतभाऊ. तिथल्या कोर्टात दावा लावायचा तर तीन महिने तिथे राहावं लागतं, म्हणून वेंडेल रसेलच्या मागच्या ओसरीवर खाट टाकून राहिला होता. ब्रॅडिशहून आमच्या गावात यायचा रस्ता पुलाजवळूनच वळतो. नदी ओलांडायची गरजच नव्हती.

"पण ब्रॅडिश कशाला?" नदीनने विचारलं. "इथे कोर्टाला आग लागली होती का?"

वेंडेल खिडकीबाहेर बघत होता. "आपल्या साप्ताहिकात ते पान असतं ना, घटस्फोटांचं. लोक टपालपेटीपाशी उभे राहून आधी तेच वाचतात. तू शाळेत जेवण वाढायचीस. रोज सगळ्या गावाच्या पोरांसमोर उभं राहायचं होतं तुला. कारणासकट छापतात ते, नदीन. ब्रॅडिशचं आपल्याकडे कोण वाचतंय?"

"मग मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू मुद्दाम टॅलमनमध्ये दावा लावला असतास."

ते शंभर टक्के खरं होतं.

ब्रॅडिशच्या खिडकीवरच्या मुलीला दोघांची नावं आणि साल सांगितलं, तर अर्ध्या तासात तिने शिक्का मारलेली नक्कल हातात ठेवली. इतकी गोड होती की मला त्या काउंटीचा राग धरायला अवघड गेलं. नदीनने कागद वाचला. अडतीस वर्षांत प्रथमच ती वेंडेलकडून आलेलं काही वाचत होती. मग तिने तो नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"सगळ्या गावाला मी सांगितलं की तू बाई ठेवलीस," ती त्याला म्हणाली.

"माहितीये. धान्याच्या दुकानातल्या पुरुषांत माझी पत वाढली होती," तो म्हणाला आणि कुत्रीला घेऊन गाडीकडे चालायला लागला. मला वाटलं, खरंच याला काही वाटलं नसेल. पुरुष असतात तसे.

साडेचारला जनेलच्या शेजारची परवान्यांची खिडकी बंद व्हायच्या आत परवाना मिळाला. शनिवारी लग्न झालं. डेलमारने टाय उलटा बांधला होता, आणि बिस्किटांच्या टेबलापाशी बायकांची अशी झुंबड उडाली की पाद्रीबुवांना बाजूला ढकलण्यात आलं. सगळं छान चाललेलं असताना आमची मावसबहीण ओपल, जिच्या जिभेला हाड नाही, मोठ्याने म्हणाली की या वेळी तरी नदीनला घरी झोपणारा नवरा मिळाला, त्या पहिल्याला नदीपलीकडची लागत असे. टेबलांवरचे सगळे हसले. हा विनोद आमच्या घरात अडतीस वर्षं चाललाय.

नदीन उभी राहिली. नवरीने काही बोलायची आमच्याकडे रीत नाही, त्यामुळे सगळ्यांनी माना वळवल्या.

"ओपल, बाई नव्हती," ती म्हणाली. "कधीच नव्हती. ते मी मनाने रचलं आणि तुम्हा सगळ्यांना सांगितलं. तो ब्रॅडिशला चुलतभावाच्या ओसरीवर झोपत होता, माझं नाव पेपरात येऊ नये म्हणून. नवरा म्हणून तो मला नको होता, अजूनही नको. पण माणूस भला आहे, आणि हे जिला चार घरी सांगायचंय तिने आजपासून हे सांगावं."

ती खाली बसली. डेलमारने तिचा हात हातात घेतला आणि बिस्कीट खात राहिला. ओपल बिस्किटांची बशी भरायला उठून गेली.

रविवारी दुपारी मला वेंडेलचा फोन आला. तो मला कधी फोन करत नाही.

"ट्वायला, तुम्ही लोकांनी काय केलंत?" तो म्हणाला. "मी चर्चबाहेर गाडी लावत होतो. तर चर्चमधल्या मिसेस रिकेट माझ्याकडे आल्या. चालत, आपणहून. म्हणाल्या, आज ऊन बरं पडलंय. मग ती दुसरी आली, काय तिचं नाव, तीही. अडतीस वर्षं त्या बायका मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे जातायत."

आता काहीतरी थट्टा करेल म्हणून मी थांबले. त्याने केली नाही.

"मी काय म्हणायचं होतं, ट्वायला? मला सुचलंच नाही. मी नुसतं हो म्हणालो. ऊन बरं पडलंय, म्हणालो."

मी म्हटलं, बरोबर बोललास, वेंडेल. अगदी तेवढंच म्हणायचं असतं.